बॉयलरला कोणी देणगी देत नाही

दर सोमवारी सकाळी दहाला मी इंग्लंडात, स्विंडनमधल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत बसून रविवारच्या दानाच्या थाळीतली चिल्लर मोजते. मी ख्रिस्ती नाही. जन्म मात्र मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातला, त्यामुळे आई फोनवर म्हणते, "फिरून तिथेच गेलीस!" सांगलीला बँकेत बावीस वर्षं काउंटरवर काढलेली, इकडे लेकीकडे कायमची आल्यावर बोटं शिवशिवायला लागली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, आमच्या चर्चला हिशेबाला माणूस हवंय, याल का? गेले.

मोजायला कायम दोघं लागतात, आणि दोघांच्या सह्या. ही शिस्त मला लगेच आवडली. काही पैसे सुटे येतात, काही पाकिटातून. पाकिटावर नाव-पत्ता लिहून सही केलेली असेल आणि देणारा इथे प्राप्तिकर भरत असेल, तर त्याच्या १ पौंडामागे सरकार चर्चला २५ पेन्स देतं. याला गिफ्ट एड म्हणतात, १९९० पासून आहे. थाळीत पडलेल्या निनावी नाण्यांवरही मिळतात, फक्त एकेक देणगी जास्तीत जास्त ३० पौंडांची हवी आणि वर्षाला एकूण ८,००० पौंडांपर्यंतच. पहिल्यांदा हा अर्ज भरताना मी चक्रावलेच. देवाच्या थाळीत सरकार कशाला पैसे टाकतंय?

तर इथल्या कायद्याच्या लेखी चर्च ही धर्मादाय संस्थाच. १६०१ साली, पहिल्या एलिझाबेथच्या काळात, कुठली कामं धर्मादाय याची एक यादी कायद्यात घातली गेली. म्हातारे, आजारी, गरीब हे तर त्यात आहेतच. पण पूल, बंदरं, रस्ते यांच्या दुरुस्तीच्या ओळीत चर्चची दुरुस्तीही आहे! पुढे १८९१ च्या एका गाजलेल्या निकालात धर्मप्रसार हा धर्मादायाचा स्वतंत्र प्रकार ठरला, आणि २००६ च्या कायद्याने अट घातली की लोकांचा फायदा होतो हे धर्मसंस्थेलाही दाखवावं लागेल. मराठी माणसाला यात नवल वाटू नये खरं तर. आपल्या शब्दातच धर्म आहे. १९५० च्या कायद्याने देऊळ काय, दवाखाना काय, सगळे एकाच धर्मादाय आयुक्तांच्या दारात. फरक एवढाच की आपल्याकडे नुसत्या पूजाअर्चेच्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर सहसा प्राप्तिकरात सवलत मिळत नाही.

बुधवारी मात्र मी चर्चच्या हॉलमध्ये असते, फूड बँकेवर. इथल्या अशा फूड बँकांची सुरुवात आमच्याच विल्टशर परगण्यातल्या सॉल्झबरीत, २००० साली झाली. डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्राकडून चिठ्ठी आणायची आणि तीन दिवसांचा शिधा न्यायचा. माझं काम डबे लावायचं. तारीख बघायची, जाड मार्करने महिना-साल झाकणावर मोठं लिहायचं, जुनं पुढे, नवं मागे. भाजलेल्या बीन्सचे डबे इतके येतात की मला स्वप्नात दिसतात.

गेल्या वर्षी एका मुलाची पिशवी भरत होते. पास्ता, तांदूळ, टोमॅटोचा डबा. तो हळूच म्हणाला, "माझ्याकडे फक्त किटली आहे." एका खोलीत राहतो, शेगडी नाही. मग कळलं, अशांसाठी वेगळी पिशवीच असते, तिला किटलीची पिशवी म्हणतात: कपात पाणी ओतून होणारं सूप, नूडल्स, झटपट ओट्स, बिस्किटं. मी पास्ता परत काढला. बावीस वर्षं नोटा मोजल्या, पण एक पुडा काढून घेताना माझे हात इतके अवघडले नव्हते कधी.

जानेवारीत हॉल ऊबदार ठेवणारा बॉयलर बंद पडला. या हॉलमध्ये सोमवारी लहान मुलांच्या आया, मंगळवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक, बुधवारी आम्ही, गुरुवारी विसरभोळेपणाच्या आजारातल्या म्हाताऱ्यांचं गाणं आणि चहा. भाडं नावाला. सगळ्यांच्या अहवालात कौतुक आपापल्या कामाचं, हॉलचं नाव कुठेही नाही. नवीन बॉयलरचा आकडा आला पाच आकडी.

कार्यकारिणीची बैठक झाली. इथे निवडून आलेली ही माणसंच कायद्याने विश्वस्त असतात, आणि व्हिकर, म्हणजे चर्चचे पाद्री, पदसिद्ध अध्यक्ष. एका सभासदाने सरळ विचारलं, फूड बँकेच्या खात्यात एवढे पैसे पडलेत, ते का नाही वापरत? उत्तर मलाच द्यावं लागलं. ते पैसे लोकांनी अन्नासाठी म्हणून दिलेत, बॉयलरला लावले तर तो विश्वासघात. ते गृहस्थ म्हणाले, "पण गारठ्यात उभं राहूनच ना ते अन्न घ्यायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमाकडे होतं.

मला आमच्या गावचं देऊळ आठवलं. भंडाऱ्याला तांदळाचं पोतं देणारे रांगेत असतात, पण सभेत वीजबिल म्हटलं की सगळे उठून चपला शोधायला लागतात.

बॉयलरसाठी वेगळं आवाहन काढलंय, जुन्या वस्तूंची विक्रीही झाली. रक्कम जमतेय, गोगलगायीच्या चालीने. दरम्यान आमच्या बुधवारच्या टोळीतले मडगावचे अंकल (स्विंडनमध्ये गोंयकार पुष्कळ, हे स्वतः कॅथलिक, त्यांचं चर्च वेगळं) एक दिवस म्हणाले, "हांव हाडटां गो बाय," म्हणजे मी आणतो गं, आणि घरून दोन हीटर घेऊन आले. ते लावले, हॉल जरा ऊबदार झाला, आलेल्यांना चहा द्यावा म्हणून मी किटली सुरू केली, आणि सगळा हॉल अंधारात. फ्यूज उडाला होता.

आता भिंतीवर माझ्या अक्षरात कागद चिकटवलाय: किटली लावण्याआधी एक हीटर बंद करावा.