मिनी ट्रॅक्टरने सोसायटीच्या रस्त्यावरचा गाळ काढणे : माझा अनुभव (आणि सातबाऱ्याचा वैताग)

सगळ्यात आधी एक सांगते, नाहीतर पुढे लिहिता लिहिता राहून जाईल. मुंबईत राहून मिनी ट्रॅक्टरसाठी लोडर (पुढे बसवायची, माती उचलणारी बकेट) घ्यायला जाणार असाल तर डीलरच्या दारात पाय ठेवल्या ठेवल्या विचारा, सबसिडीशिवायचं साधं बिल करता का? हो म्हणाले तरच खुर्चीवर बसा. हा एक प्रश्न मला कोणी आधी सांगितला असता तर आमचा अख्खा मे महिना वाचला असता.

आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. गेटपासून बिल्डिंगपर्यंतचा चढाचा रस्ता सोसायटीचा स्वतःचा, त्यामुळे तो साफ ठेवायची जबाबदारीही आमचीच. जोराचा पाऊस झाला की वरून तांबूस माती, दगडगोटे, पालापाचोळा असं सगळं मिळून खाली येतं आणि रस्त्याच्या वळणावर साचतं. स्कूटर घसरतात, शाळेची बस वर यायला तयार होत नाही, आणि कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर ॲम्ब्युलन्स गेटवरच. जेसीबी बोलवायचो, पण पावसात तो सगळ्यांनाच एकाच दिवशी हवा असतो, आणि सात-साडेसात टनाचं ते धूड आमच्या गेटमधून आत घ्यायचं म्हणजे दर वेळी पेव्हर ब्लॉक उखडणार आणि ते बसवायचा खर्च वेगळा.

मिनी ट्रॅक्टरची कल्पना भाऊजींमुळे सुचली. ताई अमेरिकेत बफेलोजवळ राहते, तिकडे लेक एरीवरून वारा आला की बर्फ नुसता ओततो, नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या बाजूच्या ऑर्चर्ड पार्कला ८० इंचांच्या आसपास पडला होता. भाऊजी घरापुढचा रस्ता छोट्या ट्रॅक्टरने मोकळा करतात, पुढे लोडरची बकेट आणि मागे तिरकं करता येणारं ब्लेड. व्हिडिओ कॉलवर ते बघितलं आणि म्हटलं, भाऊजी, बर्फाच्या जागी चिखल असेल तर? ते म्हणाले, चालेल, पण चिखल जड असतो, बकेट लहान घे. हा सल्ला लाखमोलाचा ठरला, कारण ताजा भुरभुरीत बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो आणि ओला गाळ पावणेदोन टनाच्या आसपास जातो. शंभर लिटरची बकेट गाळाने काठोकाठ भरली की पावणेदोनशे किलो झालेच, आणि एवढ्या छोट्या ट्रॅक्टरचा लोडर जेमतेम दोन-तीनशे किलो उचलतो.

आमच्याच एका सभासदांची डहाणूला चिकूची वाडी आहे, त्यांचा २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर त्यांना विकून टाकायचा होता. विशेष सभा, ठराव, चेक, आरसी, इन्शुरन्स सगळं नीट पार पडलं. मागचं ब्लेड त्याच ट्रॅक्टरबरोबर आलं. राहिला फक्त पुढचा लोडर.

आणि इथे आम्ही अडकलो.

मुंबईबाहेरचा एक मोठा डीलर आहे, नाव घेत नाही. लोडर त्यांच्या यार्डात तयार उभा होता, रंग दिलेला, त्यावर खडूने आमच्या सोसायटीचं नाव लिहिलेलं, ॲडव्हान्स भरलेला. फक्त बिल बनवायचं बाकी. तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, मॅडम सातबारा द्या. म्हटलं, अहो, ही हाउसिंग सोसायटी आहे, मुलुंडला कुठला आलाय आमच्याकडे सातबारा, आमच्याकडे प्रॉपर्टी कार्ड आहे, सीटीएस नंबर (शहरातल्या जमिनीचा नंबर) आहे. त्याने प्रॉपर्टी कार्ड घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि मला परत दिलं. स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, जिल्हा मुंबई उपनगर निवडता येतो, तालुका कुर्ला निवडता येतो, पुढे गट नंबरच्या रकान्यात लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमचा सीटीएस नंबर टाकला तर त्यातली तिरकी रेघ तो रकाना घेईना. रेघ काढून टाकली तर म्हणे नंबर जुळत नाही. कशाशी जुळत नाही हे त्यालाही माहीत नव्हतं.

मॅनेजर जेवायला गेलेले. आले तर म्हणाले, वरून अप्रूव्हल घ्यावं लागेल, दोन दिवसांत कळवतो. दोन दिवसांनी कोण कळवतंय! मीच फोन करायचा आणि ऐकायचं, मॅडम सिस्टीमला अडकलंय. परत जायचं तर मुलुंडहून ईस्टर्न एक्स्प्रेसचा ट्रॅफिक, उन्हाचा तो कहर, आणि तिथे गेल्यावर पुन्हा तोच मुलगा, तीच स्क्रीन, तीच लाल चांदणी.

मग त्यांनी तोडगा सुचवला, गावाला कोणाच्या तरी नावावर जमीन असेलच ना मॅडम, त्यांच्या नावाने टाकू, सबसिडीपण मिळून जाईल. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. पैसे सोसायटीचे, बिल सोसायटीच्या नावाचंच पाहिजे, ऑडिटर उद्या विचारेल तेव्हा मी काय गावच्या काकांचा सातबारा दाखवू? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अवजारांचं अनुदान शेतकऱ्यासाठी आहे. महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) शेतकरी असल्याचा पुरावा मागतात ते योग्यच आहे, माझा अजिबात आक्षेप नाही, पण आम्ही अनुदान मागतच नव्हतो हो! पूर्ण पैसे मोजून वस्तू विकत घ्यायची होती. एवढी साधी गोष्ट तिथे कोणाच्या डोक्यात शिरत नव्हती, याचा मला अजूनही राग येतो.

आणि मग २६ मे २०२५. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून, त्या वर्षी तो थेट २६ मेला दाखल झाला, कुलाब्याचा मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला, वरळीच्या नव्या कोऱ्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं. आमच्या वळणावर दुपारपर्यंत पोटरीभर गाळ. लोडर यार्डात, खडूचं नाव बहुतेक धुऊन गेलेलं. ट्रॅक्टरला नुसतं मागचं ब्लेड लावून वॉचमन आणि आमच्यातल्या दोघांनी गाळ कडेला ओढला, उचलायला मात्र काहीच नव्हतं, फावडी आणि घमेली. बी विंगमधले सत्तरीचे काका घमेलं उचलताना बघितले आणि ठरवलं की आता तिथून बिल घेतल्याशिवाय उठायचं नाही.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर थांबलेच नाही, सरळ आतल्या अकाउंट्सच्या केबिनमध्ये गेले. तिथे एक बाई होत्या, पन्नाशीच्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो ताई, तुम्हाला सबसिडी नकोय ना? मग हा फॉर्म कशाला उघडला यांनी?" तो फॉर्म बंद केला, स्पेअर पार्ट जिथून विकतात ते बिलिंग उघडलं, सोसायटीचं नाव, पॅन, पत्ता, झालं. मागवलेला चहा येईपर्यंत बिल हातात. मला इतकं हायसं वाटलं की त्यांचे दोन्ही हात धरून आभार मानले.

एवढा सातबारा कंपल्सरी करणाऱ्या त्या फॉर्ममध्ये जो प्रश्न खरंच हवा होता तो नव्हताच. ट्रॅक्टरला हायड्रॉलिकचे किती पोर्ट (तेलाचे पाइप जोडायची तोंडं) आहेत? लोडरला दोन कामं वेगवेगळी करायची असतात, हात वर-खाली आणि बकेट आत-बाहेर, त्यामुळे दोन सर्किट लागतात. आमच्या ट्रॅक्टरला ट्रॉली उचलण्यापुरती एकच लाइन होती. मग दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह, होज, कपलर वेगळे घेतले, मेकॅनिकने बसवून दिले. तुम्ही बुकिंगच्या वेळीच ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूचा फोटो काढून दाखवा.

चालवताना काही गोष्टी लक्षात ठेवा. पुढे बकेट भरली की मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागे ब्लेड अडकवलेलंच ठेवा, तेच वजन उपयोगी पडतं. उतारावर बकेट जमिनीलगत, लो गिअर, आणि आडवं वळायचं नाही म्हणजे नाही, सरळ वर किंवा सरळ खाली. रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी लोखंडी कमान) असेल तर सीट बेल्ट लावाच.

पेव्हर ब्लॉकसाठी भाऊजींची युक्ती : ते खडीच्या रस्त्यावर ब्लेड जमिनीपासून इंचभर वर राहील असे पायखूर लावतात, म्हणजे बर्फ निघतो आणि खडी जागेवर राहते. आम्ही तसेच लोखंडी पाय वेल्ड करून घेतले, या पावसात एकही ब्लॉक उखडला नाही. त्यांच्याकडे पीटीओवर (ट्रॅक्टरच्या इंजिनावर फिरणाऱ्या शाफ्टवर) चालणारा स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून फेकणारं यंत्रही आहे, पण तसलं काही इकडे गाळासाठी शोधू नका, दगड आत गेला की पिन तुटणार.

गाळ कधी काढायचा हेही महत्त्वाचं. पाऊस चालू असताना तो पातळ असतो, ब्लेडच्या दोन्ही बाजूंनी निसटतो. पाऊस थांबून पाणी निथळलं की लगेच घ्या. दोन दिवस कडक ऊन पडलं तर तोच गाळ इतका घट्ट बसतो की ब्लेड वरून सरकत जातं. काम झाल्यावर ब्लेड, बकेट, पिना पाण्याने धुऊन ग्रीस मारून ठेवा, आमच्या सोसायटीत हे काम आता ए विंगमधल्या कॉलेजच्या मुलांनी स्वतःहून घेतलंय.

आणि हो, ट्रॅक्टरच नवीन घेणार असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्याआधीचं कोटेशन हातात असेल तर त्यावर सही करू नका, नवीन मागून घ्या.