गाण्याआधीची चाळीस सेकंदं

गाण्याच्या स्पर्धेचा एक भाग टीव्हीवर पाऊण तासाचा असतो. त्यासाठी गोरेगावच्या चित्रनगरीत सकाळपासून रात्रीपर्यंत शूटिंग चालतं आणि सगळ्या कॅमेऱ्यांचे रशेस, म्हणजे कच्चं चित्रण, आमच्याकडे येतात. मी संकलक. गाण्याचं कुठलं कडवं ठेवायचं, परीक्षकाचा चेहरा कुठे दाखवायचा, हे एडिटवर ठरतं.

त्या दिवशी माझ्यासमोर तेरा वर्षांच्या एका मुलाचा अभंग होता. वाहिनीची सूचना स्पष्ट होती: घरची एव्ही, म्हणजे स्पर्धकाच्या घरची ओळख करून देणारी चित्रफीत, तीन मिनिटं; गाणं दोन. एव्हीत पत्र्याचं घर, शिलाई मशीन, मागे बासरी. कच्च्या फुटेजमध्ये मागून आवाज येतो, "ताई, पुन्हा एकदा सांगा, जरा सावकाश." ती माऊली नवऱ्याच्या आजारपणाचं तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलते आणि विचारते, "आता बरोबर आलं का?" मला पुढे बघवेना.

मग मी तालमीचे रशेस काढले. एक कॅमेरा उगाच चालू राहिला होता. मुलगा तबलजींना सांगत होता, "काका, ठेका थोडा उतरवा ना, शब्द पळतायत." त्यांनी लय उतरवली. त्याने मांडीवर मात्रा मोजल्या, मान हलवली आणि पहिली ओळ घेतली. जेमतेम चाळीस सेकंदं. पण एवढं पाहिल्यावर त्याचं गाणं ऐकावंसंच वाटतं!

मी एव्हीच्या जागी हेच लावलं, आईचं एकच वाक्य ठेवलं आणि अभंग पूर्ण सोडला. दुसऱ्याच गाण्यावेळी डोळे मिटलेला परीक्षकही इथे जोडला नाही. प्रेक्षकाला ते कळतं. दर गाण्याला परीक्षक उभे राहू लागले की त्या उभं राहण्याला किंमत उरत नाही, आणि असे कार्यक्रम तिथूनच घसरतात.

क्रिएटिव्हवाले म्हणाले, "लोक गोष्टीसाठी थांबतात, दादा." मी म्हटलं, 'सारेगमप'चे २००८-०९चे लिटिल चॅम्प्स आठवा. जिंकली कार्तिकी गायकवाड, पण आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित, सगळेच घराघरात राहिले. २०२१मध्ये त्याच कार्यक्रमात ते पाचही जण ज्युरी म्हणून बसले. लोकांनी निकाल जपला नाही, गळे जपले. स्पर्धकाच्या घरची परिस्थिती दाखवू नये असं माझं म्हणणं नाही. पण ती गाण्यापेक्षा मोठी झाली की मूल गायक राहत नाही, दयेचा विषय होतं.

बराच वाद झाला. शेवटी दिग्दर्शकाने दोन्ही आवृत्त्या पाहिल्या आणि माझी पाठवली. गुरुवारी रेटिंग आलं: वाढही नाही, घटही नाही. मला तेवढं पुरे होतं, कारण आकडे पडले असते तर पुढच्या भागात पुन्हा तीच बासरी आली असती.

पुढच्या शूटिंगपासून तालमीसाठी एक कॅमेरा वेगळा लावला गेला.