बुधवारचं चिकन, एअर फ्रायरमधलं (आणि सोबत भाज्या)

रविवारच्या रश्शाशी एअर फ्रायरचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. रविवारी पातेलं चढणार, खोबऱ्याचं वाटण होणार, वर तर्री येणार, त्याला पर्याय शोधायची मला तरी इच्छा नाही. पण आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार नॉनव्हेज बंद, मंगळवारी बायको खात नाही, म्हणजे मधल्या आठवड्यात उरतात बुधवार आणि शुक्रवार, आणि बुधवारी पुण्याच्या ट्रॅफिकमधून घरी येईपर्यंत आठ वाजतात, लेकीला नऊच्या आत जेवायला हवं असतं कारण सकाळी सातची स्कूलबस. अशा दिवशी कांदा परता, वाटण घाला, शिजायची वाट बघा हे होत नाही. त्या एका तासासाठी हे मशीन मला फार आवडतं आणि त्यात चिकन-भाज्या कसं करायचं हे नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी मशीनबद्दल थोडं, कारण ते कळलं की अर्धी रेसिपी आपोआप कळते. नावात फ्रायर असलं तरी यात तळणं वगैरे काही होत नाही. वर एक कॉइल तापते, तिच्यावर पंखा असतो आणि तो गरम हवा छोट्याशा डब्यात जोरात फिरवतो, बस. म्हणजे हा खरं तर छोटा कन्व्हेक्शन ओव्हनच. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात हे नाव देऊन आणलं आणि तेच नाव चिकटलं. डबा छोटा आणि वारा जोराचा, म्हणून मोठ्या ओव्हनपेक्षा लवकर तापतं आणि लवकर भाजतं.

आता यात एकच गोष्ट डोक्यात ठेवायची, ती म्हणजे पाणी. चिकनच्या किंवा भाजीच्या वरच्या थरात जोपर्यंत पाणी आहे तोपर्यंत तो थर १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच जाते, आणि आपल्याला जो तांबूस रंग आणि खरपूस वास हवा असतो तो साधारण १४० अंशांच्या आसपास धरायला लागतो. म्हणजे ओलं चिकन, ओल्या भाज्या, बास्केट गच्च भरलेली, असं असलं की आत वाफ कोंडते आणि बाहेर येतं ते उकडलेलं चिकन. मग लोक म्हणतात एअर फ्रायरमध्ये चव येत नाही. कोरडं करा, मोकळं ठेवा, चव येते.

दुसरी गोष्ट चिकनच्या दुकानातली. इंग्रजी रेसिप्यांमध्ये बहुतेक वेळा कातडीसकट चिकन असतं, त्या कातडीखालची चरबी वितळते आणि मांस ओलसर राहतं. आपल्याकडे दुकानात सांगितलं नाही तर कातडी काढूनच देतात. त्यामुळे ती रेसिपी जशीच्या तशी केली की आपलं चिकन चिवट आणि कोरडं होणारच, त्यात तुमचा काही दोष नाही. यावर उपाय दोन. एक, ब्रेस्ट न घेता लेगचं बोनलेस मागायचं (काही दुकानात थाय बोनलेस म्हणतात), भाव थोडा जास्त लागतो आणि काढून द्यायला पाच मिनिटं जास्त लागतात पण त्या मांसात चरबी असते आणि दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी ते बिघडत नाही. ब्रेस्टला तेवढी माफी नाही. दुसरा उपाय म्हणजे दह्याचं मॅरिनेशन, ते पुढे येतंच. आणि गावठी कोंबडी इथे चालत नाही, तिला मंद आचेवर भरपूर वेळ लागतो, ती रविवारीच.

आम्ही तिघं आहोत, तर अर्धा किलो लेग बोनलेस पुरतं. धुण्याबद्दल एक, नळाच्या धारेखाली कच्चं चिकन धुतलं की त्याचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर सगळीकडे उडतात आणि जंतू पसरतात, म्हणून अन्नसुरक्षेवाले धुऊच नका म्हणतात. आपल्या घरात ते कुणाला पटत नाही, मलाही न धुता चालत नाही, म्हणून मी एका पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने बुडवून काढतो, सिंक लगेच साबणाने घासतो आणि मग महत्त्वाचं काम, किचन पेपरने प्रत्येक तुकडा दाबून कोरडा करतो. हे सोडू नका. दीड-दोन इंचाचे तुकडे ठेवायचे, लहान केले तर शिजतात पण रंग यायच्या आत वाळतात.

मसाला असा: तीन मोठे चमचे दही, पण पातळ नाही. सकाळी ऑफिसला जाताना वाटीवर गाळणं ठेवून त्यात दही घालून फ्रिजमध्ये ठेवून देतो, संध्याकाळपर्यंत पाणी निथळून चक्का तयार. त्यात चमचाभर आलं-लसूण पेस्ट, अर्धा चमचा हळद, एक छोटा चमचा मीठ, दोन छोटे चमचे तेल, एक चमचा कोरडं भाजलेलं बेसन, आणि दीड चमचा कांदा-लसूण मसाला जो आई साताऱ्याहून पाठवते. बेसन उरलेलं पाणी धरून ठेवतं आणि मसाला तुकड्याला चिकटून राहतो, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने आणि सुटलेल्या पाण्याने तो खाली जाळीत उतरतो. तेल अजिबात वगळू नका. बिनतेलाचं म्हणून जे करतात त्यात मसाला कोरडा जळतो आणि घशाला लागतो. दोन चमचे तेल तिघांत, कढईत तळण्याच्या मानाने ते काहीच नाही. लिंबू मात्र आधी नाही, शेवटी.

कांदा-लसूण मसाल्याची एक खोड आहे, त्यात खोबरं, तीळ, कांदा, लसूण असं सगळं आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे २०० अंशांना तो काळा पडून कडवट होतो. म्हणून चिकनला मी १९० च्या वर जात नाही. मालवणी मसाला वापरला तरी तेच. मॅरिनेशन सकाळी करून ठेवलं तर उत्तम, पण घरी आल्यावर लावून भाज्या होईपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं मिळाली तरी चालतं, लेगचं मांस आहे, चव धरतं.

आता भाज्या, आणि माझ्या मते खरी मजा इथे आहे कारण चिकन कुठेही बरं होतं पण फ्लॉवर असा दुसरीकडे होत नाही. फ्लॉवरचे लहान तुरे, तेल-मीठ-चिमूटभर हळद चोळून २०० अंशांवर दहा मिनिटं, टोकं तपकिरी होतात, दांडा आतून मऊ आणि गोडसर. आमची लेक फ्लॉवरची भाजी ताटात बाजूला सारते, हे मात्र उचलून खाते, ताटात वाढायच्या आधीच ओट्यावरून चार तुरे गायब असतात. गाजर बोटाएवढं लांब कापायचं, थंडीतलं लाल गाजर असेल तर ते जास्त गोड होतं. फरसबी आठ मिनिटं. लाल भोपळा सालासकट, त्याच्या कडा करपल्या की फार छान लागतात. भेंडी पावसाळ्यात कोवळी मिळते तेव्हा, पण ती धुऊन फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करून मगच चिरायची, उभी दोन भाग करून, तार अजिबात येत नाही.

आणि तोंडली. तोंडली कुणी लक्षात घेत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. उभे चार काप करायचे, तेल, मीठ, थोडं तिखट, २०० वर बारा मिनिटं आणि मधे दोनदा बास्केट हलवायची. कडेला कुरकुरीत, मधे बियांचा भाग थोडा चिकट-मऊ, चिकनबरोबर इतकी जमते की बटाट्याची आठवण येत नाही. काचऱ्यांना कढईवर अर्धा तास उभं राहावं लागतं, इथे ते पण नाही.

काय घालू नये तर दोडका, दुधी, टोमॅटो, म्हणजे ज्यांना पाणी सुटतं ते. वांग्याला खूप तेल लागतं, कमी तेलात ते चामड्यासारखं होतं. पालेभाजी, कोथिंबीर, कढीपत्ता तर आत नकोच, हलकी पानं वाऱ्याने उडून वर कॉइलला जाऊन चिकटतात आणि जळतात. आणि ओल्या पिठातली भजी पण नाही, पीठ घट्ट व्हायच्या आत जाळीतून गळून जातं.

क्रमाबद्दल माझं स्पष्ट मत आहे, आधी भाज्या मग चिकन. साडेचार लिटरच्या बास्केटमध्ये अर्धा किलो चिकन आणि भाज्या एकदम मावतात, पण मावणं वेगळं आणि भाजणं वेगळं. शिवाय कच्च्या चिकनचं पाणी अर्धवट शिजलेल्या भाजीवर गळत राहणं मला पटत नाही. तर मशीन तीन मिनिटं रिकामं तापवायचं, मग फ्लॉवर आणि गाजर २०० वर पाच मिनिटं, मग त्यातच शिमला मिरची आणि कांद्याच्या मोठ्या पाकळ्या टाकून अजून पाच, कारण ती दोन्ही लवकर होतात. सगळं ताटात काढायचं. मग चिकनचे तुकडे एका थरात, एकमेकांना न चिकटता, १९० वर सात मिनिटं, उलटायचे, अजून पाच ते सात. शेवटच्या दोन मिनिटांना भाज्या चिकनवर परत घालायच्या, त्या गरमही होतात आणि मसाल्याचा वासही धरतात. लहान बास्केट असेल तर चिकन दोनदा करा पण एकावर एक रचू नका.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नये, हळद-तिखटामुळे कच्चंही शिजल्यासारखं दिसतं. मी खुपसायचा छोटा थर्मामीटर घेतलाय, सगळ्यात जाड तुकड्याच्या मधोमध ७४ अंश दाखवलं की झालं. तो नसेल तर तुकडा मधे कापून बघा, आत गुलाबी मांस किंवा लालसर पाणी दिसता कामा नये. बोनलेस मिळालं नाही आणि तंगड्या आणल्या तर हाडापर्यंत चिरा द्या आणि १८० वर बावीस-पंचवीस मिनिटं धरा.

आता जाळी उचलून खाली बघा. तिथे दोन-तीन चमचे रस साचलेला असतो, चिकनची चरबी, दही, मसाला सगळं उतरलेलं, लालभडक. आईला फोनवर या मशीनबद्दल सांगत होतो तेव्हा तिने बाकी काही विचारलं नाही, एवढंच म्हणाली, "अरे, खाली रस पडत असंल की, तो टाकून देऊ नगंस, भाकरीला लाव." तेव्हापासून तो रस वाटीत काढतो, त्यात लिंबू पिळून गरम ज्वारीच्या भाकरीवर घालतो किंवा लेकीच्या भातावर. खरं सांगायचं तर पूर्ण जेवणात सगळ्यात चविष्ट तेवढाच भाग असतो आणि त्यावरून आमच्याकडे वाटणी होते. भाकऱ्या मी चिकन आत असतानाच थापतो, त्या बारा-चौदा मिनिटांत तिघांच्या होतात, आणि कंटाळा आला तर कुकरला भात. वर कच्चा कांदा, लिंबू, कोथिंबीर, संपलं.

वीज किती जाते असं बरेच जण विचारतात. घरगुती एअर फ्रायर साधारण १४०० ते १५०० वॉटचे असतात, मशीन सलग पूर्ण ताकदीने चाललं तरी अर्ध्या तासाला पाऊण युनिटच्या आत, आणि तापल्यावर कॉइल मधे मधे बंद होते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. पण एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका, भिंतीच्या चांगल्या सॉकेटलाच लावा, आणि मागच्या बाजूने गरम हवा बाहेर येते म्हणून भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ठेवा.

धुण्याचं म्हणाल तर जेवायला बसताना बास्केटमध्ये गरम पाणी आणि दोन थेंब साबण घालून ठेवायचं, जेवण होईपर्यंत सगळं सुटतं, मऊ स्पंजने पुसलं की झालं. तारेची घासणी लावली की कोटिंग गेलंच म्हणून समजा, भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा किंवा एवढं एक स्वतः धुवा. कॅनमधला तेलाचा स्प्रे पण टाळा, त्यातल्या इतर घटकांचा चिकट थर बसतो आणि तो निघत नाही, साधी बाटली किंवा ब्रश बरा.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी गुरुवार, त्यामुळे बुधवारचं चिकन बुधवारीच संपवावं लागतं, उरलं तर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आणि शुक्रवारी १६० वर चार-पाच मिनिटं, वरून थोडं तेल लावून. गुरुवारी हाच मसाला पनीरला लावतो, फक्त पनीर आधी पुसून घ्यायचं आणि १८० वर आठ मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, रबर होतं. तोंडली मात्र तशीच, बारा मिनिटं.