छोट्या लाइनची हद्द

मी भूकरमापक आहे. बार्शीजवळ डाळमिल आणि जिनिंगचं एक गाव आहे, तिथं दोन भावक्यांचा बांधावरून वाद होता. त्यासाठी मोजणी निघाली होती. गटनकाशा उलगडला तर दोन गटांच्या मधून एक चिंचोळी पट्टी गेलेली, आणि एका जागी ती फुगलेली. पट्टी म्हणजे जुनी छोटी लाइन, फुगवटा म्हणजे तिचं स्टेशन.

जागेवर मात्र ज्वारी उभी होती. छोटीची मोठी (ब्रॉडगेज) लाइन करताना मार्ग सरळ केला आणि इथलं वळण सोडून दिलं, त्यामुळे रूळ, फलाट काहीच उरलं नव्हतं. बाभळीत एक दगडी चौथरा तेवढा होता.

तेवढ्यात नव्वदीला टेकलेले एक तात्या काठी टेकत आले. आयुष्यभर रेल्वेत सांधेवाला, म्हणजे सांधा ओढून गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घेणारा. "सायेब, ह्यो पाण्याच्या टाकीचा चौथरा. इंजन हितं थांबायचं," म्हणाले. तिथून पावलं मोजत ज्वारीत शिरले आणि काठी रोवली. "हितं सांधा व्हता."

ही बार्शी लाईट रेल्वे. मुख्य रेल्वेलाइन बार्शीला टाळून कुर्डुवाडीवरून गेली होती. पेठेतला कापूस आणि धान्य तिथवर न्यायला 1897 मध्ये ही लाइन आली. रूळांतलं अंतर अवघं 2 फूट 6 इंच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं कुठल्याही आसावर 5 टनांहून जास्त भार येऊ दिला नाही, म्हणून हलके रूळ पुरले. पट्टी इतकी अरुंद का, ते मला तिथं उभं राहून उमगलं. 1906 पासून हीच लाइन वारकऱ्यांना पंढरपूरला नेऊ लागली. तात्या सांगत होते, आषाढीला मालडब्यातसुद्धा माणसं बसायची, आणि सांधा ओढताना हात जोडायला सवड नसायची.

काठीच्या जागेपासून नकाशातलं माप टाकलं. खोदल्यावर दीड हातावर उभा पुरलेला रुळाचा तुकडा लागला. हद्दीची खूण! माझ्या अंगावर काटा आला. दुसरी खूण त्याच मापावर सापडली.

मग मोजणी सुटली. दोन्ही गटांचं क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे पुरेपूर भरलं. दोघांनीही वर्षानुवर्षं पट्टीत नांगर घातला होता आणि भांडण चाललं होतं ते दोघांचीही नसलेल्या जमिनीवर.

दोन्हीकडच्या सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून तात्यांची घेतली. नावापुढं 'शेती' लिहायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"सांधेवाला लिवा, सायेब."