धाराशिवचं संबळ, मुंबई आणि योकोहामा : लाइव्ह कार्यक्रमाचा माझा अनुभव

मुंबईच्या एका नाटकवाल्या दोस्ताचा फोन आला की मुंबई आणि जपानातलं योकोहामा, दोन्हीकडची पोरं-पोरी इंटरनेटवरून एकाच वेळी कार्यक्रम करायलेत, विषय बंदर, आणि त्यांना संबळ पाहिजे, तर तुम्ही धाराशिवहून जोडून घेता का. ही दोन शहरं 1965 पासून सिस्टर सिटी, म्हणजे दोस्तीचा करार केलेली शहरं, आहेत हे मला तेव्हाच कळालं. मी लगेच हो म्हणलं.

आमच्या गाण्या-वाजवण्याच्या ग्रुपमध्ये मात्र चर्चा सुरू झाली की बंदराच्या कार्यक्रमात आपण कुठं बसतो, आपल्याकडं ना समुद्र ना खाडी. तर आमच्याच जिल्ह्यातल्या तेर गावची एक पोरगी आहे आमच्यात, ती म्हणली, "दादा, तेरचं कापड भरूच बंदरात जायचं की!" आणि खरंच आहे ते, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात तगर म्हणजे आपलं तेर आणि पैठण दोन्हीची नावं आहेत, माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून भरूचला न्यायचे असं लिहिलंय. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली ज्यांनी बघितली नसेल त्यांनी बघाच, तशाच धाटणीची एक पार इटलीत पॉम्पेईला सापडली. मग आमचा भाग ठरला, तेरच्या कापडाची गाडी बंदराला निघाली. मुंबईच्या पोरांनी कापूस घेतला, कारण 1893 ला टाटा आणि एका जपानी कंपनीनं मिळून मुंबई-जपान बोट चालू केली ती कापसासाठीच. योकोहामावाल्यांनी रेशीम घेतलं, ते बंदर 1859 ला उघडलं आणि रेशमावरच वाढलं.

इथपर्यंत सगळं मस्त. खरी कसोटी आवाजाची.

पहिल्या तालमीत आमचं संबळ तिकडं ऐकूच जाईना. पोरगं जीव तोडून वाजवायलंय आणि तिकडं नुसतं टक टक, मधली घुमारी गायब. मीटिंगचं सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं तेवढं ठेवतं आणि बाकी सगळं गोंगाट समजून दाबतं. झूमच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केला, इको कॅन्सल (आवाजाचा पडसाद कापणारी सोय) बंद केलं, सगळ्यांना हेडफोन दिले, वायफाय सोडून लॅपटॉपला लॅनची वायर लावली, तेव्हा कुठं संबळ संबळासारखं वाजलं. लाइटीचा भरवसा नाही म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेतला, हे आपल्याकडं करायचंच.

पण आवाज तिकडं पोचायला लागणारा उशीर काही जाईना. लोक म्हणतात स्पीड वाढवा, पण स्पीड वेगळा आणि उशीर वेगळा. फायबरमधून सिग्नलला 1000 किलोमीटरला साधारण 5 मिलिसेकंद लागतात, मुंबई ते योकोहामा सरळ रेषेतच साडेसहा हजाराच्या वर आहे, आणि केबल काही सरळ जात नाही. ताल धरून सोबत वाजवायचं तर 25-30 मिलिसेकंदाच्या आत पाहिजे. म्हणजे जामुलस, सोनोबस असली इंटरनेटवरून सोबत वाजवायची फुकटची चांगली सॉफ्टवेअरं वापरली तरी जपानसोबत एका ठेक्यात वाजवणं होत नाही, आणि व्हिडिओ मीटिंगवर तर टाळी जाऊन परत यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास. आम्ही वाजवलं की ते ऐकून वाजवणार, ते आमच्याकडं उशिरा येणार, मग आम्ही थांबणार, की ते अजून हळू होणार, असं करत करत चाल पार बसून जायची. पोरं हिरमुसली होती.

मार्ग काढला आमच्या गोंधळी काकांनी. ते कोपऱ्यात बसून सगळं बघत होते, म्हणले, "आरं, दोघांनी संगं कशाला म्हणायचं? एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं झील धरायची. गोंधळात काय येगळं करतोत आपण?" मला इतका आनंद झाला ना! सगळी संहिता त्या दिवशीच बदलली. आम्ही कडवं म्हणायचं, शेवटच्या ठोक्याला संबळ थांबवायचं, मग तिकडून ताइको ढोल आणि बासरीचं उत्तर, मग मुंबईच्या पोरांचं. उशीर होता तेवढाच होता, फक्त तो आता दोन कडव्यांच्या मधल्या श्वासात जायला लागला.

एकच जागा सोबत वाजवायची ठेवली. तिथं आम्ही पुढं, योकोहामाची पोरं आमच्यावर वाजवणार, आणि त्या वेळी आम्ही हेडफोन काढून ठेवायचे, त्यांचं ऐकायचंच नाही. त्यांच्या हॉलमध्ये ते तालात ऐकू गेलं. आमच्या हॉलसाठी त्यांचा आवाज तेवढा वेळ बंद ठेवला आणि नंतर तिकडचं रेकॉर्डिंग मागवून सगळ्यांना ऐकवलं. त्यामुळं दोन्हीकडं रेकॉर्डिंग कराच, ऐनवेळी फोनची मेमरी भरलेली नको.

कार्यक्रम आमच्याकडं दुपारी 2 ला, तिकडं साडेपाच वाजलेले. काकांनी "आई राजा उदो उदो" म्हणलं आणि समोरच्या पडद्यावरून त्या पोरांनी स्पष्ट "उदो उदो" दिलं, तेव्हा आमच्या हॉलमधल्या बायकांनी हात जोडले. ती हाक त्यांना काकांनीच मोबाईलवर शिकवली होती, दोघांनाही एकमेकांची भाषा येत नसताना.

आता पुढच्या वेळी सुरुवात योकोहामाकडून आणि झील आमच्याकडून असं ठरलंय. त्यांनी बंदरावरच्या एका जुन्या गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवलंय, आमची पोरं शाळा सुटल्यावर ते पाठ करायलीत, आणि काका रोज विचारायलेत की हे संबळावर कुठल्या चालीत बसवायचं.