मोरपंखी भिंत

आज बेडरूमची एक भिंत राखाडी झाक असलेल्या गडद मोरपंखी रंगाने रंगवून झाली. पहिला हात दिल्यावर रोलरचे पट्टे दिसत होते, पोटात गोळाच आला. रंगारीकाका म्हणाले, "ताई, वाळू द्या, मग बोला." चार तासांनी दुसरा हात. ओला असताना फिका वाटलेला रंग वाळल्यावर चांगलाच गडद झाला.

दुपारी खिडकीच्या उजेडात भिंत निळी दिसत होती. संध्याकाळी २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावला आणि तीच हिरवी! म्हणून सांगते, नुसत्या शेडकार्डावर विसंबू नका. आधी दोन फुटांचा तुकडा रंगवून दिवसभर बघा. आणि मॅटच घ्या, चकाकीत या रंगाची खोली हरवते.

आजीची पितळी समई त्या भिंतीपुढे ठेवलीय. कधीची बघत बसलेय.