उतरलेला पंचम

परवा दुपारी शहापुरात वीज गेली, पंखा थांबला आणि शेजारच्या माडीवर कोणीतरी तंबोरा जुळवत असल्याचे कानावर आले. घोडीवरचा दोरा केसभर सरकला, तसा खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार उमटू लागला. बेळगावात त्याचे कोणाला नवल नाही. माझे मन मात्र, का कोण जाणे, मूळ संख्यांकडे वळले.

लहानपणी खानापूरला आजोळी शंभरपर्यंतचे आकडे पाटीवर लिहून १ खोडायचा आणि २, ३, ५, ७ हे स्वतः ठेवून त्यांच्या पटीतले सगळे पुसायचे, असा उद्योग आजोबांनी मला लावून दिला होता. शेवटी २५ उरले. "८९नंतर एकदम ९७ का?" असे विचारल्यावर ते अडकित्त्यात सुपारी धरून म्हणाले, "ते त्यास्नीच विचार की."

विचारण्याची रीत जर्मन गणितज्ञ बर्नहार्ड रीमान यांनी १८५९मध्येच एका छोट्या निबंधात सांगून ठेवली होती. एखाद्या संख्येपर्यंत मूळ संख्या किती, हे एका संथ चढणीवर अगणित तरंग रचले की नेमके मिळते, आणि त्या तरंगांच्या वारंवारता झीटा नावाच्या एका फलनाच्या शून्यांतून, म्हणजे त्याची किंमत जिथे शून्य होते त्या जागांतून, येतात: १४.१३, २१.०२, २५.०१ आणि पुढे अनंत. गंमत अशी, की १०० ते २०० आणि २०० ते ४०० ही अंतरे सप्तकांप्रमाणे सारखी मानली, तरच हे तरंग एका लयीत हेलकावतात.

तरीही याला संगीत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गांधार खर्जातून निघतो, कारण तो मूळ नादाच्या बरोबर पाचपट असतो; या आकड्यांत तसले नाते कोणाला सापडलेले नाही. २१.०२ला १४.१३ने भागले तर १.४८७ येते, म्हणजे दीडपटीला जरा कमी, उतरलेला पंचम. मिरजेचा कारागीर असा तंबोरा मुकाट्याने परत करील.

रीमान यांचा अंदाज असा, की ही सारी शून्ये एकाच रेषेवर आहेत, म्हणून एकही तरंग बाकीच्यांना दाबत नाही. अब्जावधी शून्ये तपासून झाली, सगळी रेषेवरच सापडली. सिद्धता मात्र नाही, आणि रीमान तर १८६६मध्ये चाळिशीही न गाठता गेले. एक जरी शून्य रेषेबाहेर निघाले, तरी पुढे कुठेतरी त्याचाच तरंग सगळ्यांवर चढेल, आणि ती जागा इतकी दूर असू शकते, की तिथवर कोणाचीच मोजणी पोचणार नाही.